आमच्याकडं झाकण हाय

या प्रवासाची सुरुवात एका कमेंटवरून झाली, आणि ती वाचून माझं डोकं फिरलं होतं.

नव्या वाचकांसाठी सांगते. लोक लेणी बघायला जातात, देवळं बघायला जातात, मी मैदानं बघायला जाते. गावोगावची फुटबॉलची मैदानं, तिथले जुने क्लब, त्यांचे कप आणि त्या कपांवरून झालेली भांडणं. कॉलेजात मी गोलकीपर होते. गुडघा गेला, वेड राहिलं. मागे मिरजेच्या मैदानांवर लिहिलं होतं, त्याखाली सोहेल नावाच्या कुणीतरी लिहिलं, "मॅडम, आमच्या उदगीरला बी या. आमच्याकडं झाकण हाय."

पुण्यात झाकण म्हणजे बिनडोक माणूस, हे मी वेगळं सांगायला नको. मी लगेच उत्तर ठोकलं, "आमच्याकडेही भरपूर आहेत, बघायला इतक्या लांब कशाला येऊ?" त्यावर बिचाऱ्याचं उत्तर आलं, "तसलं न्हाई मॅडम. बड्या कपाचं झाकण. येळवस झाली की रविवारी नांदेडला फायनल हाय. येताना लातूरला मधुकर सरांना भेटा, म्हणजे समजंल." एवढं वाचून झोप कशी लागणार? तीन दिवसांची रजा टाकली. नवरा म्हणाला, "झाकण बघायला मराठवाड्यात निघालीस?" मी म्हटलं, हो.

पुण्याहून लातूरला जायला रात्रीची ट्रॅव्हल्स सोयीची. बार्शीनंतरचे हादरे लक्षात घेता खालचा बर्थ घ्या आणि कानात कापूस ठेवा. माझ्या समोरच्या गृहस्थांनी लग्नाचा अख्खा व्हिडिओ आवाजासकट बघितला. नवरीची पाठवणी झाली तेव्हा कुठे माझा डोळा लागला.

लातूरला उतरले तेव्हा थंडी चांगलीच होती. गंजगोलाईच्या बाजारात एका टपरीवर गरम सुशीला खाल्ली. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात, वर शेंगदाणे आणि लिंबू. प्लेट आणि कटिंग मिळून पुण्यातल्या एका सँडविचच्या निम्म्यात काम होतं. गोलाईतून बाहेर पडलं की क्लासांचं लातूर सुरू होतं. जिकडे बघावं तिकडे पाठीला दप्तर लावून चाललेली मुलं, आणि खांबाखांबांवर डॉक्टर होऊ घातलेल्यांचे फोटो. त्याच गर्दीत मधुकर सरांचं गाईड आणि प्रश्नसंचांचं दुकान आहे. साठीचे, बारीक अंगाचे, कपाळावर चष्मा. एके काळी लातूरच्या गोलाई क्लबचे ते कॅप्टन होते, हे त्यांच्याकडे बघून खरं वाटत नाही. चालायला लागले की वाटतं, कारण अजूनही ते गर्दीतून कुणाला धक्का न लावता सुळकन निघतात.

"कप कुणी दिला ते विचारू नका," सर म्हणाले. "कुणी म्हणतं निजामाच्या पलटणीतल्या साहेबानं दिला, कुणी म्हणतं जिनिंगवाल्या शेठनं. पितळेचा आहे, वर चांदीचं पाणी. आणि त्याला झाकण आहे. खरी गोष्ट झाकणाची आहे."

मग त्यांनी गोष्ट सांगितली, ती जशी ऐकली तशी देते. फार पूर्वी फायनल लागली नांदेडच्या नदीकाठ क्लबची आणि उदगीरच्या मोंढा इलेव्हनची. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार, आणि टीममध्ये आडत्यांपासून हमालांपर्यंत सगळे. मॅच बरोबरीत सुटली. अंधार पडला. पेनल्टी मारू म्हटलं तर गोलपोस्टच दिसेना. कप सोडायला कुणी तयार नाही, दोन्ही गावांची माणसं बाह्या वर करून उभी. तेव्हा पंचांनी कप उचलला, वरचं झाकण काढलं, भांडं नांदेडकरांच्या हातात दिलं आणि झाकण उदगीरकरांच्या. म्हणाले, मॅच बाकी आहे. पुढच्या वर्षी झाकण घेऊन या आणि राहिलेली खेळा.

"आणि लोकांना ते आवडलं," सर म्हणाले. "तेव्हापासून रीतच पडली. जिंकेल त्याला भांडं, हरेल त्याला झाकण. पुढची फायनल भांडं असेल त्या गावात. आणि झाकणवाल्यांनी झाकण घेऊन स्वतः यायचं, टीमसकट. फायनलला पोचले नाहीत तरी यायचं. वर्षभर कप अर्धा-अर्धा असतो. फक्त फायनलपुरता पुरा होतो."

मला ही रीत इतकी आवडली की मी काही वेळ नुसती हसत बसले. मोठाल्या स्टेडियममधल्या, आतषबाजीच्या बक्षीस समारंभांना हे कधी सुचलं असतं का? हरलेल्यालाही घरी न्यायला काहीतरी द्यायचं, आणि तेही असं की जिंकलेल्याचं त्याच्यावाचून अडावं.

"तुमचा क्लब आता खेळत नाही?" मी विचारलं.

सरांनी चष्मा डोळ्यावर घेतला. "आम्ही झाकण एसटीनं पाठवलं," ते म्हणाले. मला कळलं नाही, तेव्हा पुढे बोलले, "एका वर्षी झाकण आमच्याकडे होतं. पोरं क्लासला लागलेली, मैदानावर यायला कुणी तयार नाही. अकरा जण जमेनात. मी झाकण पेपरात गुंडाळलं आणि नांदेडच्या गाडीत कंडक्टरच्या हातात दिलं. झाकण वेळेवर पोचलं, त्यात काही चुकलं नाही. पण क्लब तिथंच संपला. पुढच्या वर्षी कुणी आम्हाला बोलावलं नाही, आणि मीही विचारलं नाही."

आता या भागातल्या मैदानांवर तो वाक्प्रचारच झालाय. एखादा बॉलमागे धावायचं सोडून कमरेवर हात ठेवून उभा राहिला, की बाहेरून आवाज येतो, "ह्यानं एसटीनं पाठवलं बघा." सर हे हसत सांगत होते. पण निघताना दारापर्यंत येऊन म्हणाले, "उदगीरच्या अप्पांना माझा नमस्कार सांगा. आणि झाकण एकदा हातात घेऊन बघा."

लातूरहून उदगीरला एसटीच बरी. बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे आणि खिडकीची जागा मिळाली तर दोन तास कसे जातात कळत नाही. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, नुकतीच झाली होती. नळेगावच्या आसपास शेताशेतांत पूजेसाठी बांधलेल्या कडब्याच्या कोपी अजून उभ्या होत्या. त्या दिवशी सगळं लातूर शेतात जेवायला जातं आणि गावं रिकामी पडतात. शेजारच्या बाईंनी मला भज्जी आणि आंबिलीचं वर्णन इतक्या तपशिलात ऐकवलं की उतरल्याबरोबर मी काहीतरी खायला शोधू लागले.

स्टँडवर सोहेल आला होता. पंचविशीचा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, मोंढा इलेव्हनचा सेंटर बॅक आणि कॅप्टन. "मॅडम, तुम्ही लई तापल्या होत्या त्या दिवशी," तो म्हणाला. मी म्हटलं, चूक तुझीच, निरोप पुरा द्यावा माणसानं. त्यावर तो म्हणाला, "पुरा दिला असता तर तुम्ही आल्या असत्या काय?" मी माझी बॅग त्याच्या हातात दिली.

मोंढ्यात तुरीचा हंगाम चालू होता. पोत्यांच्या थप्पीआड अप्पांची आडत. सत्तरीचे, उंच, कपाळाला विभूती, पायात जुने कॅनव्हासचे बूट. खरं नाव महादप्पा, पण अर्धा मोंढा त्यांना झाकणअप्पा म्हणतो, अगदी तोंडावर. कारण त्यांच्या हाती टीम आली तेव्हापासून मोंढा इलेव्हन पुन्हा पुन्हा फायनलला गेली आणि दर वेळी झाकण घेऊन परत आली.

"लोकं हसतेत, हसू द्या," अप्पा म्हणाले. "अक्का, झाकण ठिवायला बी फायनलला जावं लागतंय. घरी बसणाऱ्याला कोण देतंय?"

दुपारी त्यांनी घरी जेवायला नेलं. मला वाटलं होतं झाकण काचेच्या कपाटात असेल, हार घातलेलं. काकूंनी, म्हणजे अप्पांच्या पत्नीनं, आम्हाला ताटावर बसवलं, ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, शेंगाची चटणी वाढली, आणि मग दह्याच्या गाडग्यावरचं झाकण उचललं. मी वाटी पुढे केली होती ती तशीच राहिली. वर छोट्या चेंडूच्या आकाराची मूठ, कडेला वेलबुट्टी, चांदीचं पाणी जागोजाग उडून खालचं पितळ दिसत होतं.

"हेच का?" मी विचारलं.

"हाव. दुसरं कोणतं?" काकू म्हणाल्या. "इतकी वरसं दही ह्याच्याखाली लागून राहिलंय. गाडगं फुटलं तर मापाचं दुसरं शोधत हिंडते मी कुंभाराकडं. ह्यांना म्हणलं, एकदा तरी भांडं आणा की, नुस्तं झाकण आणतेत."

सगळे हसले, अप्पाही हसले. पण जेवण झाल्यावर ओसरीवर सुपारी कातरत त्यांनी जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. ते लहान असताना त्यांच्या वडिलांच्या टीमनं एकदा भांडं जिंकून आणलं होतं. गावाच्या मधल्या चौबाऱ्यापासून मोंढ्यापर्यंत मिरवणूक निघाली, वडिलांनी कप दोन्ही हातांत धरलेला, आणि बायका दारादारांतून कपाला हळदकुंकू लावत होत्या. "मी धोतर धरून मागं पळत होतो," अप्पा म्हणाले. "तवापासून एकच हाय डोक्यात. एकदा तसंच भांडं घिऊन चौबाऱ्यातून चालायचं. बास. आता गुडघे ऐकत न्हाईत. औंदा शेवटचं, पुढल्या सालापासून सोहेल बघंल."

मी हातातली सुपारी खायची विसरले होते. मनापासून वाटलं की या माणसाला ते भांडं मिळायलाच पाहिजे, आणि मी इथे निःपक्ष पाहुणी म्हणून आलेय हे सोडून दिलं.

संध्याकाळी किल्ल्याजवळच्या मैदानावर सराव बघितला. मैदान म्हणजे मुरमाड जमीन, एका बाजूचा गोलपोस्ट लोखंडी पाइपचा आणि दुसऱ्या बाजूला दोन दगड. अप्पा पेनल्टीला पेलांटी म्हणतात आणि कॉर्नरला कार्नल, आणि मुलंही तसंच म्हणतात. मध्येच बसून त्यांनी जुन्या क्लबांच्या गोष्टी सांगितल्या. नांदेडच्या गिरणीची टीम होती, पाळी संपवून थेट मैदानात यायची, डोक्यात कापूस तसाच. उमरीची टीम पॅसेंजरनं यायची, त्यामुळे त्यांच्या मॅचची वेळ घड्याळावर नसायची. गाडी आली की मॅच सुरू, आणि परतीची गाडी शिट्टी द्यायला लागली की त्यांचे बॅक लोक घाईघाईनं गोल खायचे, असं अप्पांचं म्हणणं. उमरीकरांनी माफ करावं, मी फक्त ऐकलेलं लिहितेय.

शनिवारी दुपारी दोन क्रूझर गाड्यांमधून आम्ही नांदेडला निघालो. झाकण अप्पांच्या कापडी पिशवीत, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. काकूंनी ते आदल्या दिवशी चिंचेनं घासून ठेवलं होतं. रस्ता मधे मधे चांगला आहे, बाकीचं तुम्ही गेल्यावर बघालच.

नांदेडला आमचा पाहुणचार केला तो समोरच्या टीमनं. हीसुद्धा रीत, फायनलच्या आदल्या दिवशी पाहुण्या टीमला यजमानांनी जेवू घालायचं. नदीकाठ क्लबचे हरपालसिंग आम्हाला गुरुद्वाऱ्यात लंगरला घेऊन गेले. अप्पांच्याच वयाचे, पांढरी दाढी, निळी पगडी, ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. मराठी आणि दखनी एकाच वाक्यात बोलतात. त्यांच्या टीममध्ये विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची दोन-तीन मुलंही होती. सगळे एका पंगतीत बसलो, दाल-रोटी आणि खीर. हरपालसिंगांनी अप्पांच्या ताटात स्वतःच्या हातानं रोटी वाढली.

"खा ले अप्पा," ते म्हणाले. "उद्या पण झाकणच न्यायचंय, ताकद लागंल."

"बघू की," अप्पा म्हणाले. "तुमच्या घरी दही लागतंय का चांगलं?"

राहायला यात्री निवासात खोली घ्या. स्वच्छ आहे, परवडते, फक्त सुट्ट्यांच्या दिवसांत लवकर जा.

रविवारी सकाळी मैदानावर दव होतं. गर्दी म्हणाल तर भिंतीवर, झाडावर, रिक्षांच्या टपावर. एका टेबलावर हरपालसिंगांनी भांडं आणून ठेवलं. अप्पांनी टॉवेल सोडला, झाकण काढलं, आणि भांड्यावर बसवलं. टक् असा बारीक आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्षातून एवढाच वेळ कप पुरा असतो, हे माहीत असल्यामुळे की काय, म्हातारी माणसं बॉलआधी कपाकडे बघत होती. मीही बघत होते.

मॅचचं सविस्तर वर्णन करत नाही, कारण निम्मा वेळ माझी नखं तोंडात होती. नांदेडची टीम सरस होती, हे कबूल करावंच लागेल. बॉल सारखा आमच्याच बाजूला. (हो, आमच्या.) उत्तरार्धात एक कार्नल मिळाला. बॉल आत आला, गर्दीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागला आणि सोहेलच्या पुढ्यात पडला. त्यानं तो मारला म्हणण्यापेक्षा ढकलला. गोल. मग शेवटपर्यंत नांदेडनं मैदान जे डोक्यावर घेतलं, त्यात एकदा बॉल बारला लागून बाहेर आला आणि अप्पांनी डोळे मिटून घेतले. शिट्टी झाली तेव्हाही ते मिटलेलेच होते. शेजारच्यानं त्यांना हलवून सांगावं लागलं.

पोरांनी अप्पांना उचललं. ते रडत होते आणि खाली उतरवा म्हणून ओरडत होते. मी अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. हरपालसिंगांनी येऊन अप्पांना मिठी मारली. मग भाषणं, फोटो, हार, जेवण. सोहेलनं भांडं छातीशी धरलं आणि आम्ही उदगीरकडे निघालो. माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती, पण मिरवणूक चुकवायची नव्हती. वाटेत सारखे फोन. चौबाऱ्यात वाजंत्री ठरली होती, काकूंनी दारात रांगोळी काढली होती. अप्पा पुढच्या सीटवर बसून नुसते रस्ता बघत होते.

लोह्याला चहाला थांबलो. कुणीतरी म्हणालं, फोटो काढू. सोहेलनं भांडं क्रूझरच्या बॉनेटवर ठेवलं. "झाकण लावून काढू की, पुरा दिसंल," एक जण बोलून गेला. अप्पांनी पिशवीत हात घातला, टॉवेल सोडला, आणि झाकण काढून भांड्यावर बसवलं.

टक्.

आणि मग कुणीच फोटो काढला नाही.

झाकण हरलेल्याचं. ते नांदेडला राहायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. फायनल संपली की अप्पांनी झाकण उचलायचं, टॉवेलात गुंडाळायचं आणि पिशवीत टाकायचं. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं होतं. कुणाला ते खटकलंही नव्हतं, कारण दर वर्षी सगळ्यांनी हेच बघितलं होतं.

"अप्पा, हे आपल्याकडं कामून?" सोहेल हळूच म्हणाला.

अप्पा भांड्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते अख्खंच्या अख्खं समोर होतं, झाकणासकट. पाच मिनिटं आधी कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, याहून जास्त काय पाहिजे? पण त्यांचा चेहरा उतरला होता. "त्यांच्याकडं काहीच न्हाई राहिलं," ते म्हणाले. "मग ते कशापायी येतील?"

समोरच लोह्याच्या स्टँडवर नांदेडची एसटी लागली होती. टीममधला एक जण म्हणाला, "अप्पा, कंडक्टर वळखीचा हाय. त्याच्या हातात देऊ, तासाभरात पोचंल." बोलला आणि त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली असणार. बाकीचे त्याच्याकडे असे बघत होते की तो चहाचा कप घेऊन बाजूला झाला.

"मी जातो," सोहेल म्हणाला. "तुम्ही मिरवणुकीला चला."

"तू कॅप्टन. कॅप्टन न्हाई तर मिरवणूक कशाची? झाकण म्या उचललं, म्याच दिऊन येतो."

"मग मिरवणूक उद्या करू."

"वाजंत्रीवाले उभे हायेत, लोकं उभी हायेत. पोरं दमलेत." अप्पांनी झाकण टॉवेलात गुंडाळलं. "जा म्हणलं ना."

मी त्यांच्याबरोबर एसटीत चढले. शेवटी झाकण एसटीनंच गेलं, पण अप्पांच्या मांडीवर बसून. त्यांना ज्येष्ठांचं अर्धं तिकीट, मला बाईचं अर्धं. दोघांत मिळून एक झालं, असं कंडक्टर म्हणाला, तेव्हा अप्पा पहिल्यांदा जरा हसले. खिडकीतून दोन्ही क्रूझर उलट्या दिशेनं जाताना दिसल्या. मला रडू येत होतं, आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून मी बाहेरचा ऊस बघत बसले.

मैदानावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. गर्दी कधीच पांगली होती. हरपालसिंग एकटेच कोपऱ्यातले झेंडे उपटून गोळा करत होते. आम्हाला बघून त्यांनी झेंडे खाली ठेवले.

"आया क्या," ते म्हणाले.

अप्पांनी टॉवेल सोडला. "सवयीनं गेलं बघ, हरपाल. माफी दे."

"देखा था मैंने. तू पिशवीत टाकत होता तेव्हा समोरच होतो." हरपालसिंगांनी झाकण दोन्ही हातांत घेतलं. "पण इतका खुश होता रे तू. कसं बोलायचं?"

"आन् मी आलो नसतो तर?"

"न यायला काय झालं? तू काय लातूर है?"

मधुकर सरांच्या वतीनं मला ते लागलं. दोघं मैदानाच्या कट्ट्यावर टेकले. अप्पा झाकण कसं सांभाळायचं ते सांगू लागले. चिंचेनं घासायचं, पावडर लावायची नाही, तिनं चांदी जाते. दह्याच्या गाडग्यावर बरोबर बसतं, पण गाडगं बेताचं पाहिजे. "आमच्या घरी दही पातेल्यात लागतं," हरपालसिंग काळजीनं म्हणाले. "मोठं पातेलं है."

"मग गाडगं घ्या. म्हातारीला विचारून माप पाठवतो."

तेवढ्यात सोहेलचा फोन आला. अप्पांनी स्पीकर लावला. आधी नुसती वाजंत्री ऐकू आली, मग सोहेलचा आवाज. "अप्पा, चौबाऱ्यात हावोत. लई लोकं हायेत. कप धरायचा कोणी? पोरं म्हणतेत मी धरू, पण मला न्हाई बरं वाटून राहिलं."

हरपालसिंग जमिनीकडे बघत होते.

"काकूला बोलाव," अप्पा म्हणाले. "तिच्या हातात दे. इतकी वरसं झाकण तिनंच सांभाळलं. तिला म्हणावं, पदर खोचून नीट धर, जड हाय."

फोन चालूच राहिला. वाजंत्री चढली, मग बायकांचा गलका ऐकू आला आणि कुणीतरी मोठ्यानं काकूंचं नाव घेतलं. मिरवणूक मोंढ्यापर्यंत पोचेतोवर अप्पा फोन कानाशी न धरता कट्ट्यावर मधोमध ठेवून बसले, म्हणजे हरपालसिंगांनाही ऐकू यावं. मी दोघांसाठी चहा आणला. तो थंड झाला.

दुसऱ्या दिवशी नांदेड-पुणे गाडीनं परत आले. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "बघितलंस झाकण?" मी त्याला सोहेलनं पाठवलेला फोटो दाखवला. काकू, डोक्यावर पदर, कपाळाला मळवटासारखा गुलाल, दोन्ही हातांत कप. कपाचं तोंड उघडं, आत कुणीतरी झेंडूची फुलं टाकलेली. तो म्हणाला, "यात झाकण कुठं आहे?" मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि सांगताना एसटीत आवरलेलं रडू आलं.

मधुकर सरांनाही फोन केला. लोह्याची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. मग म्हणाले, "पुढची फायनल उदगीरला म्हणजे. लातूरहून दोनच तास." मी म्हटलं, अर्धं तिकीट. ते म्हणाले, "मला अजून पुरं आहे, पण येईन."

परवा अप्पांचा फोन आला. म्हणाले, हरपालसिंगांच्या घरी गाडगं पोचलं, झाकण बरोबर बसलं. इकडे काकू दह्यावर ताटली ठेवून राहिल्यात आणि ती घसरते म्हणून रोज चिडतात. मागे कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, म्हणून विचारलं, कुठं आहात? म्हणाले, मैदानात.

"तुम्ही तर हे शेवटचं वर्ष म्हणाला होतात," मी म्हटलं.

"म्हणलं होतं की," अप्पा म्हणाले. "पण अक्का, हरपाल तेवढ्या लांबून झाकण घिऊन येणार. घ्यायला माणूस पाहिजे का न्हाई?"